ज्याचा आवाज, त्याचा हक्क

माइकसमोर उभं राहून संसार चालवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आज मी एका परदेशी नटाबद्दल बोलणार आहे. फिल हार्टमन त्यांचं नाव. प्रहसनं करता करता ते चित्रपटात गेले आणि ॲनिमेशनला त्यांनी आपला आवाज दिला. त्यांच्या कामाकडे पाहिलं की आपल्या व्यवसायाची किंमत काय आणि ती कोणी ठरवायची, हे नीट कळतं.

हार्टमन यांचा जन्म 1948 चा, कॅनडातल्या ब्रँटफर्ड गावचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं. त्यांनी कॅलिफोर्नियात ग्राफिक कलेचं शिक्षण घेतलं आणि पोको, अमेरिका अशा बँडच्या ध्वनिमुद्रिकांची मुखपृष्ठं केली. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या त्रयीचं बोधचिन्हही त्यांचंच. हात स्थिरावलेला होता, काम मिळत होतं. तरीही 1975 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या ‘द ग्राउंडलिंग्ज’ या मंडळीत दाखल झाले. तिथे संहिता हातात मिळत नाही. समोरचा नट काय बोलतो ते ऐकायचं आणि उभ्या उभ्या प्रवेश रचायचा. ऐकणं कच्चं असेल तर तिथे कोणी टिकत नाही. तिथल्याच पॉल रूबेन्स यांच्या पी-वी हर्मन या पात्राच्या घडणीत हार्टमन यांचा हात होता, आणि 1985 च्या ‘पी-वीज बिग ॲडव्हेंचर’चे ते सहलेखक होते.

‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या प्रहसनांच्या कार्यक्रमात ते आले 1986 साली, तेव्हा त्यांनी अडतिशी गाठली होती. 1994 पर्यंत आठ पर्वं त्यांनी तिथे काढली. सगळ्यांना सांधून धरणारा माणूस म्हणून सहकारी त्यांना ‘ग्लू’ म्हणत. दुसऱ्याचा विनोद पडू नये म्हणून आपली ओळ चोख टाकायची, ही त्यांची रीत. टाळी दुसऱ्याच्या वाट्याला गेली तरी त्यांचं काम उणं होत नसे.

त्यांचं एक प्रहसन मी नव्या मुलांना आवर्जून दाखवतो. रेगन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं इराण-काँट्रा प्रकरण गाजत होतं, तेव्हाचं, 1986 चं. हार्टमन राष्ट्राध्यक्ष रेगन झाले आहेत. बिस्किटं विकणारी एक छोटी गर्ल स्काउट फोटो काढायला येते. रेगन आजोबांसारखे विसरभोळे, शब्द सावकाश, शेवटी हलकं हसू. मुलगी बाहेर जाते, दार लागतं आणि तोच माणूस कडक आवाजात मंत्र्यांना भराभर हुकूम सोडू लागतो. मेकअप तोच, कपडे तेच. बदलते ती बोलण्याची गती, श्वास घेण्याची जागा आणि वाक्य तोडण्याची ढब. एका दारापलीकडे दोन माणसं उभी राहतात, आणि दोघंही रेगनच वाटतात.

डिसेंबर 1992 मधलं क्लिंटन यांच्यावरचं प्रहसनही असंच. राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले क्लिंटन धावता धावता मॅकडॉनल्ड्समध्ये शिरतात. लोकांशी गोडीने बोलता बोलता त्यांच्याच पुढ्यातलं उचलून खातात. सोमालियात मदतीचं धान्य टोळीवाले मध्येच कसं लाटतात, हेही ते तसंच खाऊन समजावतात. घोगरा आवाज तर कोणीही काढला असता. तोंडात घास असताना मुद्दा सुटू न देणं आणि समोरच्याला आपण लुटले जातोय हे जाणवूही न देणं, हा माणूस ओळखल्याशिवाय जमत नाही. नकलाकार गळा पकडतो. नट त्या गळ्यामागची भूक पकडतो.

पुढे ‘न्यूजरेडिओ’ मालिकेत ते अहंमन्य वृत्तनिवेदक बिल मॅकनील झाले. ‘हाउसगेस्ट’, ‘जिंगल ऑल द वे’ यांसारख्या चित्रपटांत दिसले. पण मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेशन मालिकेतली कामगिरी. 1991 पासून त्यांनी ट्रॉय मॅक्लूर हा उतरणीला लागलेला नट आणि लायोनेल हट्झ हा भामटा वकील रंगवला. ट्रॉयचं काम कधीच संपलेलं आहे, तरी स्वतःच्या जुन्या चित्रपटांची नावं तो भरगच्च, चकचकीत आवाजात घेतो. ती दिमाखदार सुरावट ऐकून हसू येतं आणि त्याची कीवही येते. चित्रातला चेहरा दोन-चार रेषांचा. त्याचा सगळा भूतकाळ उभा राहतो तो आवाजातून.

आपल्यापैकी बरेच जण डबिंग करतात, म्हणून जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या ॲनिमेशनपटाचाही विचार करू. त्यातला जिजी हा बोका जपानीत रेइ साकुमा या अभिनेत्रीच्या आवाजात बोलतो. 1998 च्या इंग्रजी आवृत्तीत हार्टमन यांनी त्याला खवचट, तोंडाळ केलं आणि बऱ्याच ओळी आयत्या वेळी घातल्या. मूळ चित्रपटात शेवटी मांजर मुकंच राहतं, इंग्रजीत ते पुन्हा बोललं. 2010 च्या आवृत्तीत त्यांच्या बऱ्याच जोड-ओळी वगळल्या गेल्या. माझं मत स्पष्ट आहे. हार्टमन यांचा बोका लाजवाब आहे, पण शेवटचं मौन ही दिग्दर्शकाची मालमत्ता होती, ती परत गेली हे योग्यच झालं. डबिंग करणाऱ्याला पात्रात प्राण ओतण्याचा अधिकार आहे, कथेचा अर्थ बदलण्याचा नाही. आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क आधी पाळला पाहिजे.

28 मे 1998 रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, राहत्या घरी त्यांचा खून झाला. त्यानंतर ‘सिम्पसन्स’च्या निर्मात्यांनी ट्रॉय आणि हट्झ दोघांनाही निवृत्त केलं. ती पात्रं लोकप्रिय होती, हुबेहूब आवाज काढणारे नकलाकार हॉलिवूडमध्ये काही कमी नव्हते. तरीही दुसरा कोणी बसवला नाही. आवाज गेला तसं पात्रही गेलं, असं त्यांनी मानलं. ‘फ्युचरामा’ या दुसऱ्या ॲनिमेशन मालिकेतला झॅप ब्रॅनिगनही हार्टमन यांच्यासाठी लिहिला होता. तो बिली वेस्ट यांनी केला, तो मात्र एका जिवंत नटाने स्वतःच्या नावावर पेललेला आवाज होता.

आज ‘सिम्पसन्स’च्या निर्मात्यांचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आता नकलाकारही लागत नाही. थोडं ध्वनिमुद्रण हाती लागलं की यंत्र आपला आवाज काढू शकतं. जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीविना यांत्रिक नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. नामवंत गायकाला हे संरक्षण मिळालं याचा आनंद आहे. पण दिवसाच्या मानधनावर चार-चार पात्रं बोलणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी कोर्टात कधी जायचं आणि कशाच्या जोरावर? त्यांचं संरक्षण करारातच हवं.

म्हणून तीन ठराव संमेलनापुढे ठेवतो. डबिंग झालेल्या प्रत्येक कलाकृतीच्या श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्याचं नाव पात्रासह यावं. ध्वनिमुद्रणाचा उपयोग यंत्राला शिकवण्यासाठी करायचा असेल, तर त्याची वेगळी लेखी संमती आणि वेगळं मानधन असावं. आणि शक्य तिथे नटांना एकेकटं न बोलावता एकत्र उभं करून प्रवेश मुद्रित करावेत, कारण ऐकण्याची सवय समोर माणूस असल्याशिवाय लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी निर्मात्यांनी द्यायच्या आहेत. तिसरीसाठी वेळ काढणं आणि तालमीला येणं आपल्या हातात आहे, आणि तिथे आपण कमी पडता कामा नये.

हे तीनही ठराव संमेलनाने एकमताने संमत करावेत आणि उद्यापासून सही करताना प्रत्येकाने करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, ही माझी विनंती.