जुन्या मोटारीच्या चाकाचा रंग



या व्यासपीठावरून धर्म, राजकारण आणि साहित्य यांवर बोलणारे पुष्कळ येतात. मी आज जुन्या मोटारीच्या चाकाला कोणता रंग द्यावा, एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु जुन्या वस्तूशी प्रामाणिक राहावयाचे की तिला नुसते नटवावयाचे, हा मोठा प्रश्न या चाकाच्या आड दडलेला आहे.

जुनी मोटार दुरुस्तीला आली की प्रथम काय होते? चाके काढतात आणि वाळूच्या झोताखाली धरून लख्ख करून आणतात. मालक खूष होतो. मग कोणीतरी विचारतो, 'मूळचा रंग कोणता होता हो?' आता याचे उत्तर देणारा एकच साक्षीदार होता, आणि त्याला आपणच वाळूने घासून टाकलेले असते!

आपल्याकडे एखाद्या देवाच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच निखळते आणि आतून रेखीव पाषाणमूर्ती प्रकट होते. चाकावरही असेच थरावर थर चढलेले असतात. मूळचा थर शोधावयाचा तर जेथे ऊन, चिखल आणि रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नाही, तेथे पाहावे: मधल्या टोपणाखाली, नटांच्या बैठकीखाली, टायरची कड जेथे रिमवर बसते तेथे. जादा चाक फारसे वापरले नसेल तर ते सोन्याहून मोलाचे. तेथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढ्या जागेत हलक्या हाताने घासावे, म्हणजे झाडाच्या खोडातल्यासारखी वलये दिसू लागतात. कोरडे मात्र घासू नये. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ विषारी असते.

धातूला लागून जो थर दिसतो तो बहुधा अस्तराचा असतो. तोच मूळ रंग समजण्याची चूक अनेक जण करतात. अस्तरावरचा पहिला थर आपला. दोन थरांच्या मध्ये धूळ किंवा गंज आढळला, तर वरचा थर मागाहून दिलेला आहे असे समजावे.

इतिहासाचीही मदत घ्यावी. फोर्डची मॉडेल टी गाडी काळीच असे, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. 1908 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा ती इतर रंगांतही मिळे; केवळ काळा रंग हा नियम 1914 च्या सुमारास सुरू झाला आणि 1926 च्या नमुन्यांत पुन्हा रंग आले. म्हणजे गाडीचे साल ठाऊक नसता चाकाला काळा रंग फासणे हा निव्वळ अंदाज ठरतो. 1920 नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर प्रचारात आले. पूर्वी गाडी रंगवून वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत, ते काम फार थोड्या वेळात होऊ लागले आणि उजळ रंगांना कारखान्यात वाव मिळाला.

येथे एक गंमत आहे. लॅकर उन्हाने पिवळे पडते. जवसाच्या तेलातील रंग उलट अंधारात पिवळा पडतो. म्हणून टोपणाखालचा दुधाळ रंग तेलाचा असेल, तर तो काही दिवस खिडकीतल्या उजेडात ठेवून मगच तुलना करावी. झाकलेले ते सारे खरे, असे नव्हे.

आता जुळवणी. साडीवर ब्लाऊजपीस घेताना आपल्या भगिनी दुकानाबाहेर येऊन उजेडात पाहतात. त्यांना भौतिकशास्त्र कोणी शिकवले नाही, पण त्यांचे वागणे शास्त्रशुद्ध आहे! दोन रंग दिव्याखाली एक दिसतात आणि उन्हात वेगळे, कारण त्यांतील रंगद्रव्ये निरनिराळी असतात. पूर्वी पांढऱ्यासाठी शिशाचा सफेता वापरीत, आज टिटॅनियमचा वापरतात. म्हणून नमुना पत्र्यावर फवारून, पूर्ण वाळवून, ऊन, सावली आणि दिवा अशा तिन्ही ठिकाणी पाहावा. आज रंग मोजणारी यंत्रे आहेत. परंतु यंत्र रंग आज कसा आहे ते सांगते, कारखान्यातून निघाला तेव्हा कसा होता ते सांगत नाही. तो निवाडा माणसालाच करावा लागतो.

निवाडा झाला की तो लिहून ठेवावा. 'मोतिया', 'बदामी' अशी नावे पुरेशी नाहीत. तुमचा बदामी माझा नसतो. अमेरिकन चित्रशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 साली छटा, उजळपणा आणि रंगाची तीव्रता अशा तीन मापांनी रंग सांगण्याची पद्धत मांडली. तिचे आकडे कागदावर असले, तर पन्नास वर्षांनीही तोच रंग काढता येतो.

आणि शेवटची विनंती. चाक कितीही सुंदर रंगवा. पण टोपणाखालचा तो रुपयाएवढा तुकडा तसाच राहू द्या. आपला निवाडा चुकला असेल, तर पुढच्या पिढीला तो सुधारता यावा. जुनी वस्तू आपल्या मालकीची असली तरी तिची साक्ष आपल्या मालकीची नसते.