टकटक: एकीला धीर, दुसरीला त्रास



आमच्या बचत गटाचा हिशेब मी कॉम्प्युटरवर भरते. रात्री भांडी आवरली की बसते. एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझी ती टकटक डोक्यात जाते. डोळा लागत नाही." मला वाईट वाटलं. वाटलं, यांना माझं कामच खटकतंय. कारण मला तर तो आवाज जाणवतच नव्हता.

मग विचार केला. भाकरी थापताना थापेचा आवाज आपल्याला कधी खटकतो का? उलट हात बरोबर पडतोय हे त्यावरून कळतं. बटण दाबतानाही तसंच. आवाज आपणच करतो, तो कधी येणार हे मनाला आधी ठाऊक असतं, म्हणून तो मोठा वाटत नाही. पलीकडे आडव्या झालेल्या बाईला मात्र पुढची टक कधी येईल ते कळत नाही. तिच्यासाठी प्रत्येक टक नवी.

काहींना हा आवाज हवाही असतो. महागड्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळं स्प्रिंगचं स्विच असतं. जर्मनीच्या चेरी कंपनीची स्विचं रंगावरून ओळखतात. निळं मुद्दाम टिक् करतं, तपकिरी बोटाला हलका अडथळा देतं, लाल सरळ खाली जातं. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर २ मिलिमीटरच्या आसपासच उमटतं. पुढचा ठोका असतो तो बटण तळाला आपटल्याचा.

आपल्या साध्या कीबोर्डात बटणाखाली रबर असतं. तिथे बटण पूर्ण दाबावं लागतं, पण जोर लागत नाही. मी मात्र लग्नाआधी टाइपरायटरवर शिकलेली. तिथे अक्षर फितीवर आपटल्याशिवाय कागदावर उमटत नसे. तोच जड हात राहिला. त्यात आमचं टेबल पत्र्याचं, ते ढोलासारखं वाजायचं!

आता कीबोर्डखाली जुन्या सतरंजीची घडी ठेवते आणि बोटं हलकी टाकते. टकटक कमी झाली, बोटांचं ठणकणंही कमी झालं. सासूबाई झोपतात, हिशेब चालू आहे. त्यांना खटकत होता तो आवाज, माझं काम नव्हे. विचारलं नसतं तर मी मनात धरून बसले असते.

तुमच्या कामाचा कोणता आवाज घरच्यांना जड जातो? आज एकदा विचारून बघा.