चालकाचे कान आणि गाडीतील गोंगाट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रहिमतपूर येथे केलेले भाषण)



कुटुंबाच्या उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी निवडलेला विषय संमेलनाच्या व्यासपीठावर काहीसा चमत्कारिक वाटेल. ज्या चालकास कमी ऐकू येते, त्याच्या वाहनातील गोंगाट कसा कमी करावा, हा तो विषय होय. मी व्यवसायाने शिक्षक, मेकॅनिक नव्हे. परंतु या प्रश्नात ध्वनिशास्त्राचा थोडा भाग आहे, गणिताचा थोडा आहे आणि माणुसकीचा पुष्कळ आहे. म्हणून हे धाडस करतो.

आपल्या ज्ञातीतील किती घरे आज चाकावर चालतात याचा विचार करा. कोणी साताऱ्याच्या बाजारपेठेत आले पोहोचविणारा टेंपो चालवितो, कोणी वडाप करतो, कोणी गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या ओढतो, कोणी मालट्रक घेऊन खंबाटकीचा घाट रात्री-बेरात्री चढतो. ही माणसे पन्नाशीकडे झुकली की त्यांचे कान मंद होऊ लागतात. ते घरी कळते, पण कोणी उच्चार करीत नाही. परवाना जाईल ही एक भीती. मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल ही दुसरी. वधूवर-सूचीत आपण शिक्षण, उंची, शेती सारे लिहितो. वडिलांच्या कानात यंत्र आहे एवढे मात्र झाकतो. आणि त्या झाकण्याची किंमत एखाद्या वळणावर चुकती करावी लागते. म्हणून मला आज जे सांगावयाचे ते थोडक्यात असे : मंद कानाला अधिक मोठा आवाज नको असतो, त्याला कमी गोंगाट हवा असतो. तो कमी करणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी प्रथम लपवाछपवी सोडली पाहिजे.

कायद्याविषयीची भीती आधी दूर करू. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, कर्णबधिर व्यक्ती वाहन चालविण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्यास तिला केवळ बहिरेपणामुळे परवाना नाकारू नये, असा निर्वाळा दिला. पुढे २०१६ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने, वाहन चालविणे हे मुख्यतः दृष्टीचे काम आहे या वैद्यकीय अभिप्रायाच्या आधारे, राज्यांना तसे कळविले. जपानमध्ये २००८ पासून कर्णबधिरांना रुंद आरसा व गाडीवर फुलपाखराचे चिन्ह लावून मोटार चालविता येते. तेव्हा कान मंद झाला की चाक सुटलेच, असे मुळीच नाही. भाड्याच्या वाहनाच्या परवान्यास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते घेताना डॉक्टरांना कानाची खरी स्थिती सांगावी, हा सरळ मार्ग होय.

आता कानाकडे वळू. वयोमानाने अथवा गोंगाटाने कान मंद होतो, तेव्हा सारे आवाज सारखेच मंद होत नाहीत. बारीक, उंच पट्टीचे आवाज प्रथम हरपतात. बोलण्यातील स, श, च, फ ही व्यंजने अशाच आवाजांची बनलेली आहेत. त्यामुळे "साठ" म्हटलेले "आठ" असे ऐकू येते, आणि "सात" व "आत" यांतला भेद नाहीसा होतो. माणसाला वाटते, लोक पुटपुटतात. वास्तविक अर्धे अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरीकडे इंजिनाची व टायरची घरघर ही खालच्या पट्टीची, आणि जाड आवाजाचा धर्म असा की तो आपल्यावरच्या बारीक आवाजांना गिळून टाकतो. म्हणजे उरलेसुरले स आणि श या घरघरीखाली गाडले जातात. निरोगी कान गोंगाटातूनही शब्द वेचून काढतो. मंद कानाला तेच करण्यासाठी शब्द गोंगाटाहून पुष्कळ वर असावा लागतो. श्रवणयंत्र शब्दाबरोबर गोंगाटही वाढविते. म्हणून नवे यंत्र आणूनही पुष्कळांची गाडीत निराशा होते, आणि ते यंत्र फडताळात पडते.

थोडे गणित पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आकडा ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० ने वाढला की दसपट, २० ने वाढला की शंभरपट. साधे संभाषण सुमारे ६० चे असते. ८५ चा गोंगाट दिवसातून आठ तास, ८८ चा चार तास आणि ९१ चा दोनच तास, एवढे कानाला सोसते असे तज्ज्ञ मानतात. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी गोंगाट ९० च्याही वर जातो, आणि त्यावर आपले तरुण कर्णे लावून गाणी वाजवितात! ऊसाचा एक हंगाम संपेतो कानाचे किती नुकसान होत असेल, ते या हिशेबावरून ताडावे. गोंगाट कमी करणे हे मंद कानाच्या माणसासाठी औषध आहे, आणि तरुण कानासाठी पथ्य आहे.

आता उपाय. ते क्रमानेच करावेत, कारण क्रम चुकला तर पैसा वाया जातो.

प्रथम दुरुस्ती. फुटका सायलेन्सर, बसलेली इंजिन फाउंडेशनची रबरे, वाजणारे बेअरिंग, विषम झिजलेले टायर, सैल पत्रे हे सारे आधी पाहावे. सायलेन्सर गळत असेल तर आवाजाबरोबर विषारी धूरही आत येतो, म्हणून तो प्रश्न केवळ कानाचा राहत नाही. या दुरुस्त्या कोणताही मेस्त्री करू शकतो, आणि पुष्कळदा निम्मे काम येथेच होते.

दुसरे, फटी बुजविणे. समजा, आवाज अडविणाऱ्या भिंतीत शंभरात एक भाग जागा उघडी आहे. त्या भोकातून शंभरावा हिस्सा ऊर्जा आत येणारच. शंभरावा हिस्सा म्हणजे २० डेसिबल. मग भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलहून अधिक आवाज ती अडवू शकणार नाही. उलट फट न बुजविता पत्र्याचे वजन दुप्पट केले तरी लाभ फार तर ६ डेसिबलचा. म्हणून दाराचे झिजलेले बीडिंग रबर बदलणे, गिअरच्या दांड्याखालचे फाटलेले रबर नवे घालणे, आणि इंजिन व बैठक यांमधल्या पत्र्यातून वायरी येतात तेथील भोके बंद करणे, ही स्वस्त कामे महागड्या अस्तराहून अधिक उपयोगी पडतात.

तिसरे, पत्र्याचे वाजणे थांबविणे. दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहा. टणटण वाजला तर तो पत्रा नगाऱ्याप्रमाणे इंजिनाची थरथर वाजवून दाखवितो. त्याच्या मधोमध डांबरी किंवा ब्यूटिल रबराची चिकट डॅम्पिंग शीट दाबून बसविली की टणटणीचा "थप" होतो. सारा पत्रा मढविण्याचे कारण नाही. मधला काही भाग पुरतो.

चौथे, शोषण. पायाखाली जाड नमदा व त्यावर जड रबरी चटई, आणि छताला अस्तर. येथे एक समजूत दूर करतो. नुसता हलका स्पंज आवाज अडवीत नाही. तो आत घुमणारा बारीक आवाज शोषतो, जाड घरघर त्यातून सहज पार होते. ती अडविण्यास वजन लागते, आणि वजनाखाली मऊ थर लागतो.

दोन सावधगिऱ्या. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती कदापि बुजवू नयेत, नाहीतर दार आतून गंजते. आणि इंजिनाजवळ तरट, कापूस किंवा साधा स्पंज कोंबू नये, आग लागते.

काम झाले की नाही, हे कसे ओळखावे? मोबाइलमध्ये आवाज मोजण्याची सोय मिळते. तिचा आकडा नेमका नसला तरी तुलनेस पुरतो. तोच रस्ता, तोच वेग, काचा तशाच बंद, असे ठेवून कामापूर्वी व कामानंतर आकडा टिपावा. त्यापेक्षाही चांगली परीक्षा अशी : शेजारी बसलेल्याने चालकाकडे तोंड न वळविता साठ, आठ, सात, पाच असे दहा आकडे म्हणावेत, व चालकाने ते परत म्हणावेत. माझ्या पुतण्याच्या टेंपोत आम्ही हे केले. पहिल्या फेरीत त्याचे दहांपैकी चार बरोबर आले; फटी बुजवून व पायाखाली नमदा घालून झाल्यावर आठ आले. परीक्षेत असा निकाल लागता तर मी त्याची पाठ थोपटली असती, येथेही थोपटली.

काही गोष्टी चालकाने स्वतः पाळावयाच्या आहेत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उघड्या काचेचा वारा त्याच्या उजव्या कानावर आदळतो, आणि सोबत्याचे बोलणे डावीकडून येते. श्रवणयंत्राच्या तोंडावर वारा आला तर नुसता घोंघाट होतो. म्हणून वेगात काच बंद असावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याने उकाडा टळेल तसाच, काचा बंद राहिल्याने, गोंगाटही टळेल. कित्येक यंत्रे समोरचाच आवाज वेचतात, परंतु गाडीत बोलणारा शेजारी किंवा मागे असतो. श्रवणतज्ज्ञाकडून गाडीसाठी चहूकडचे ऐकणारी निराळी योजना यंत्रात बसवून घ्यावी. सोबत्याच्या सदऱ्याला लावावयाचा छोटा ध्वनिग्राहकही मिळतो. त्याचे बोलणे थेट यंत्रात येते.

कोणी विचारील, गाडी इतकी शांत केली तर मागच्याचा हॉर्न कसा ऐकू यावा? प्रश्न रास्त आहे. आतली घरघर उतरली की हॉर्नला झाकणारेच कमी होते, हे एक उत्तर. परंतु खरे उत्तर असे की, मंद कानाच्या चालकाने हॉर्नवर विसंबूच नये. त्याचे कान म्हणजे त्याचे आरसे. ते रुंद असावेत, स्वच्छ असावेत, आणि दर काही क्षणांनी त्यांत पाहण्याची सवय असावी. रुग्णवाहिकेचा दिवा आरशात भोंग्याआधी दिसू शकतो. वळणदिव्याची टिकटिक ऐकू येत नसल्यास समोरच्या खुणेकडे पाहावे. ब्रेकचे करकरणे त्याला कळणार नाही, म्हणून ठरल्या दिवशी चांगल्या कानाच्या मेस्त्रीकडून गाडी तपासून घ्यावी. बाकीच्यांनीही ध्यानी ठेवावे की, महाराष्ट्रात २०१५ साली वाहनांवरील "हॉर्न ओके प्लीज" ही अक्षरे बंद करण्यात आली. पुढे जाणाऱ्याने हॉर्नवरच भिस्त ठेवणे बरे नव्हे, हाच त्याचा बोध.

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी नगर ते पुणे धावली. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या एस.टी. चालकांनी मांडीशेजारी धडधडणारे इंजिन घेऊन नोकरी केली. त्याच तारखेस, २०२२ साली, त्याच मार्गावर विजेवर चालणारी "शिवाई" सुरू झाली. तिच्यात इंजिनाची धडधड नाही. उरतो तो टायरचा व वाऱ्याचा आवाज. काळ शांततेकडे चालला आहे. परंतु आपल्या दारातील जुना टेंपो विजेचा होईपर्यंत त्याच्या चालकाचे कान थांबणार नाहीत.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पुढील संमेलनाला जोडून चाळिशीवरील सर्व वाहनचालक सभासदांची कानतपासणी व्हावी. साताऱ्यातील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्यासाठी विनंती करता येईल. अधिक मार्गदर्शनास मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था आहेच. दुसरे, साहाय्यनिधीतून गरजू चालकास गाडीची रबरे व नमदा यांसाठी बिनव्याजी रक्कम मिळावी. विद्यार्थ्याच्या चष्म्याला आपण मदत करतो. ज्याच्या गाडीवर त्या विद्यार्थ्याची फी अवलंबून आहे, त्याच्या कानालाही करावी.

आणि भगिनींना एक विनंती. घरात कोणी "काय म्हणालीस?" असे वारंवार विचारू लागला तर त्याच्यावर हसू नका, रागावू नका, आणि ते शेजारणीपासून लपवूही नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि गाडी मेस्त्रीकडे न्या.