आग विझल्यानंतरचा कागद

(मंडळाच्या गणेशोत्सवात हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशोत्सवाच्या व्याख्यानासाठी हा विषय रुक्ष आहे, याची मला कल्पना आहे. आगीच्या घटनांची नोंद कशी व्हावी, तिचे नियम कोणी करावेत, हे ऐकायला आरतीनंतर एवढी मंडळी थांबली, याबद्दल प्रथम आभार. पण वर मांडवाकडे एकदा बघा. कापडी छत, विजेच्या माळा, तेवती समई आणि दाटीवाटीने बसलेले आपण. विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

आपल्याच शहरातल्या चार घटनांपासून सुरुवात करतो. २३ मार्च २०२२, सिकंदराबादजवळ भोईगुड्यातले भंगाराचे गोदाम. वर झोपलेले बिहारचे ११ मजूर गेले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादेत खाली विजेच्या स्कूटरींचे दुकान आणि वर लॉज असलेल्या इमारतीत ८ जण गेले. १६ मार्च २०२३ ला स्वप्नलोक संकुलात ६ तरुण मुलेमुली गेली. आणि १८ मे २०२५ च्या रविवारी सकाळी चारमिनारजवळ गुलजार हौजला एकाच कुटुंबगोतातली १७ माणसे गेली. त्यांत ८ लहान मुले होती.

या घटनांनंतर आपण एकमेकांना काय विचारले? "आग कशाने लागली?" आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत उत्तरही आले : शॉर्टसर्किट. त्या शब्दापाशी चौकशी थांबली, निदान आपल्या मनातली तरी थांबली.

आता दुसरा प्रश्न विचारून पाहा. माणसे कशाने मेली? भोईगुड्यात खाली उतरायला एकच गोल जिना होता आणि आग खालीच होती. लॉजमध्ये जिना एकच, त्याच जिन्याने धूर वर चढला. स्वप्नलोकमध्ये मुले गुदमरली. गुलजार हौजला आतबाहेर करायला एक अरुंद बोळ होता. चार ठिकाणी आगीचे निमित्त वेगवेगळे असू शकेल; पण मरणाची रीत जवळजवळ एकच : धूर, आणि बाहेर पडायची वाट बंद. आग कशाने लागली एवढाच रकाना कागदावर असेल, तर या चार घटनांचे एकमेकींशी नाते दिसत नाही. "बाहेर पडायच्या वाटा किती होत्या? त्यांतल्या मोकळ्या किती? मृत व्यक्ती कुठे सापडली?" हे रकाने असतील, तर ते पहिल्या दोन घटनांतच दिसते. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच. आग विझल्यावर जो कागद भरला जातो त्यात काय विचारले आहे, यावर पुढची आग किती बळी घेईल हे बऱ्याच अंशी ठरते.

शॉर्टसर्किट या शब्दाविषयी दोन वाक्ये. जळालेल्या घरात वितळलेली तार सापडणारच. आगीनेही तारेवरचे आवरण जळते, तारा एकमेकींना चिकटतात आणि ठिणगी पडते. म्हणजे सापडलेली तार आगीचे कारण होती की आगीचा बळी, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तपासणी लागते, प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो. "कारण निश्चित झाले नाही" असे लिहिणे अधिक प्रामाणिक, पण त्यात कमीपणा वाटतो. म्हणून तो एक शब्द लिहिला जातो आणि फाईल बंद होते.

आपल्याकडे ही नोंद कोण करतो? इथून घोळाला सुरुवात होते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत धरले आहे. त्यामुळे मुंबई, पुणे, सोलापूर इथले दल महापालिकेचे. आपल्याकडे मात्र ते राज्य सरकारचे खाते, आणि कायदा १९९९ च्या आंध्र प्रदेश अग्निशमन सेवा कायद्यापासून चालत आलेला. सोलापुरात तुमच्या मावशीच्या घराला आग लागली तर ती महापालिकेच्या वहीत जाते. इथे तुमच्या घराला लागली तर राज्याच्या खात्यात. दोन्ही वह्यांतले रकाने एकसारखे असतीलच असे नाही.

मग देशाचा आकडा येतो कुठून? तो अग्निशमन दलांकडून येत नाही. तो येतो पोलीस ठाण्यांतून. अपघाती मृत्यूची नोंद पोलीस करतात, ती जिल्ह्याकडे, मग राज्याकडे आणि शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जाते. तो विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचे पुस्तक काढतो. त्यातला २०२२ चा आकडा ऐका : देशभरात आगीच्या घटना ७,५६६ आणि मृत्यू ७,४३५.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की काहीतरी खटकायला हवे. जवळजवळ प्रत्येक आगीमागे एक मृत्यू! असे कुठे असते का? एकट्या दिल्लीच्या अग्निशमन दलाला वर्षाकाठी तीस हजारांच्या आसपास बोलावणी येतात. झाडावर अडकलेली मांजरे आणि अपघातात अडकलेली माणसे सोडवण्याची कामे त्यातून वजा केली, तरी हजारो आगी उरतात. अर्थ उघड आहे. या पुस्तकात आग मोजलेली नाही, आगीतला मृत्यू मोजला आहे. जिथे कोणी मेले नाही ती आग या हिशेबात लागलीच नाही. खरे तर शिकण्यासारखे तिथेच जास्त असते. बारा माणसे सुखरूप बाहेर पडली, ती कोणत्या दाराने, हे कुणी लिहून ठेवले आहे का?

आणखी एक उदाहरण. याच पुस्तकात २०१५ साली आगीतले मृत्यू १७,७०० होते. सात वर्षांत ते निम्म्याहून खाली आले. चांगलीच गोष्ट. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस गरिबाघरी गेला, रॉकेलचा स्टोव्ह मागे पडला, त्याचा हा गुण असेल का? असू शकेल. की नोंदण्याची पद्धत बदलली? तेही असू शकेल. पण कोणत्या आगीत स्टोव्ह होता, कोणत्या आगीत सिलिंडर, बाई स्वयंपाकघरात होती की अंथरुणात, हे सगळ्या राज्यांत सारखे लिहिले जात नाही. त्यामुळे ठाम उत्तर देता येत नाही. आपल्या समाजात बाईच्या जळण्याच्या नोंदीला किती पदर असतात, ते मी इथे उलगडून सांगायला नको. ज्या घरात खरे बोलायची भीती असते, त्या घरातला कागद नीट चौकशीनेच खरा होतो.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी ऐरणीवर आला. १९७३ साली तिथल्या राष्ट्रीय आयोगाने 'अमेरिका बर्निंग' नावाचा अहवाल दिला. वर्षाला सुमारे १२,००० माणसे आगीत मरतात, असा त्याचा अंदाज होता. अंदाजच, कारण मोजणी धड नव्हती. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि त्यातून देशभरची एक नोंदपद्धत उभी राहिली. पण तिथेही अग्निशमन हे गावाचे आणि राज्याचे काम. केंद्र सरकार गावच्या बंबवाल्यांवर सक्ती करू शकत नव्हते. मग नियम केले राज्यांनी, ज्याने त्याने आपापल्या परीने. काही राज्यांत घटना कळवणे कायद्याने बंधनकारक, काही ठिकाणी ऐच्छिक. केंद्राने पैशाची अट घातली : केंद्राचे अनुदान हवे असेल, तर नोंदी द्या. सक्तीने जे झाले नसते, त्यातले बरेच या अटीने झाले.

त्या पद्धतीतल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. ज्या महिन्यात गावात एकही घटना घडली नाही, त्या महिन्यात तसे कळवण्याची सोय फॉर्मवरच होती. आपल्या सरकारी भाषेत 'निरंक' अहवाल. सरकारी नोकरीत असलेल्यांना हा शब्द ऐकून हसू आले असेल. पण त्याचे मोल मोठे आहे. कागद आला नाही म्हणजे आग लागली नाही, की कुणी लिहिलेच नाही? निरंक अहवाल असला की हा फरक कळतो.

दुसरी. फॉर्म नुसते कारण विचारत नसे. घरात धूरसूचक घंटा होती का? होती तर वाजली का? नसेल वाजली तर का : सेल काढून ठेवला होता की संपला होता? हे रकाने भरले गेले म्हणून कळले की, घरातल्या आगीत मरणाऱ्या पाचांपैकी साधारण तीन जण अशा घरांत मरतात, जिथे घंटा नव्हती किंवा चालत नव्हती. एकदा हे दिसल्यावर काय करायचे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तसेच लहान मुलांचे. पाच वर्षांखालच्या मुलांनी लायटरशी खेळताना लागलेल्या आगींत वर्षाला दीडशेच्या आसपास जीव जात होते. १९९४ पासून लहान मुलाला सहज पेटवता येणार नाही असाच लायटर विकायचा, असा नियम झाला. पुढच्या अभ्यासात अशा आगी निम्म्याहून कमी झालेल्या आढळल्या. आग कुणामुळे, कोणत्या वस्तूने आणि किती वयाच्या मुलाकडून लागली, हे लिहिलेले असल्याशिवाय असा नियम सुचत नाही, आणि तो लागू पडला की नाही तेही कळत नाही.

तिसरी गोष्ट मॅसॅच्युसेट्स राज्याची. आग विझवणाऱ्यांनी कारणाचा शोध घेऊन राज्याच्या फायर मार्शलला कळवायचे, हे तिथे आहेच. शिवाय शरीराचा ५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग भाजलेला रुग्ण आला, तर इलाज करणाऱ्यानेही कळवायचे. म्हणजे ज्या आगीला बंब बोलावलाच नाही, जी घरातल्या घरात गोधडी टाकून विझवली, तीसुद्धा दवाखान्याच्या दाराने नोंदीत येते. आपल्याकडे तर अशाच आगी जास्त.

तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. तिथले बहुसंख्य जवान स्वयंसेवक आहेत. रात्रभर आग विझवून सकाळी आपल्या नोकरीवर जायचे असलेल्या माणसापुढे अकरा भागांचा फॉर्म ठेवला, तर तो काय करणार? "कारण तपासाधीन" लिहायचा, आणि तपास झाल्यावर ते बदलायचे राहून जायचे. एकत्रित माहिती हाती यायला वर्ष उलटून जायचे. म्हणून ती जुनी पद्धत मोडीत काढून, घटनेची माहिती तिथल्या तिथे मिळावी अशी नवी पद्धत त्यांनी आणली. १ जानेवारी २०२६ पासूनच्या घटना तीतच नोंदवायच्या असे ठरवले. आज त्या देशात आगीतले मृत्यू वर्षाला चार हजारांच्या खाली-वर आहेत. याचे सगळे श्रेय कागदाला देणे चूक ठरेल. घरे बदलली, सिगारेट कमी झाली, इलाज सुधारले. पण काय बदलायचे हे कागदाने दाखवले.

आपण काय मागावे? फार नाही. राज्ये वेगळी राहोत, दले महापालिकांची असोत की सरकारची. पण कमीत कमी वीसेक रकाने देशभर सारखे असावेत. मृत्यू नसलेली आगही त्यात यावी. बाहेर पडण्याच्या वाटा, धूर, कुलूप, जिना यांचे रकाने असावेत. कारण कळले नसेल तर तसे लिहिण्याची मुभा असावी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारणा व्हावी. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यातले ५०० कोटी सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून होते. नवे बंब आणि शिड्या याव्यातच. पण सुधारणांच्या यादीत वहीलाही जागा असावी.

आणि हे होईपर्यंत आपण? घरात, सोसायटीत, दुकानात छोटी आग लागून विझली तरी दलाला कळवा. बंब निघून गेला की आपण विम्यासाठी दाखला मागतो. तो हातात आल्यावर एकदा वाचून पाहा. कारण चुकीचे लिहिले असेल तर अर्ज करून सांगा. अधिकारी चौकशीला आले तर 'जिन्यात सामान होते' हे लपवू नका. त्या सामानाबद्दल शेजाऱ्याची नाचक्की होईल, मान्य. पण पुढच्या वेळी कुणाचा तरी जिना त्यामुळेच रिकामा होईल. मंडळालाही एक विनंती आहे. आपल्या मांडवात दरवर्षी कुठे ना कुठे वायर तापते, माळ जळते, समईची ज्योत कापडाला लागता लागता राहते. त्यासाठी एक साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, जागा, काय झाले, काय केले. काही झाले नाही, तर विसर्जनाच्या दिवशी खजिनदारांनी 'निरंक' लिहून सही करावी. पुढच्या वर्षी मांडव घालणाऱ्या कंत्राटदाराच्या हातात सर्वांत आधी ती वही द्यावी.

 गणपती बाप्पा मोरया!