अंगणातला नकार

मराठी ख्रिस्ती समाजाच्या व्यासपीठांवरून धैर्याची स्तुती पुष्कळ होते. परंतु हे धैर्य कोणासमोर दाखवायचे, असा प्रश्न आला की समाजाची नजर आपोआप बाहेर वळते, आणि घरातले, मंडळीतले व संस्थेतले असत्य तसेच राहते. प्रस्तुत अध्यक्षीय भाषणाचा आक्षेप या सवयीवर आहे. श्रद्धेची जाहीर ग्वाही देण्याला ख्रिस्ती परिभाषेत ‘साक्ष’ म्हणतात. उपासनेत साक्ष देणारा आजार बरा झाल्याचे, व्यसन सुटल्याचे किंवा नोकरी लागल्याचे सांगतो, आणि त्यात गैर काही नाही. पण खोट्या बिलावर सही करायला नकार दिला, हुंड्याची बोलणी मोडली किंवा पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, हिशेब मागितला, अशी साक्ष वेदीसमोर जवळजवळ ऐकूच येत नाही.

शुभवर्तमानांनी, म्हणजे येशूच्या जीवनाचे कथन करणाऱ्या चारही ग्रंथांनी, पेत्राचा नकार लपवलेला नाही. ज्या शिष्याने मरेपर्यंत साथ देण्याची भाषा केली होती, त्याने रोमी सुभेदार पिलातापुढे किंवा यहुदी न्यायसभेपुढे गुरूला नाकारले नाही. त्याने नाकारले ते प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, शेकत बसलेल्या माणसांमध्ये, एका दासीच्या साध्या प्रश्नाला भिऊन. पुढे हाच पेत्र न्यायसभेपुढे निर्भयपणे बोलला, असे बायबलमधला ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो; पण मंडळ्यांमधल्या प्रवचनांना त्या सभेचे आकर्षण अधिक आणि अंगणाचे कमी. बहुतेक ख्रिस्ती माणसांची परीक्षा मात्र अंगणातच होते.

या समाजाने ज्यांच्या तसबिरी लावल्या, त्यांच्यात पंडिता रमाबाईंइतकी अस्वस्थ करणारी व्यक्ती दुसरी नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर ज्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या, त्यांच्याशीच, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, त्यांनी पत्रांतून वाद घातला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकच परमेश्वर आहेत असे सांगणारा त्रैक्याचा सिद्धांत केवळ अधिकाऱ्यांनी शिकवला म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. विवेक आणि विचारशक्ती देवाने प्रत्येकाला दिली आहे, ती दुसऱ्याच्या स्वाधीन करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, या प्रश्नात बिशपांनी हस्तक्षेप केला तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधारावर, लहान मुलगी पदरी असताना एका नवख्रिस्ती विधवेने हे केले, याचे महत्त्व आज पुरेसे ओळखले जात नाही. कारण ते ओळखले, तर आपापल्या बिशपांना व ट्रस्टींना तसेच प्रश्न विचारावे लागतील.

१८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात जे चालले होते, त्याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले आणि प्लेगच्या रुग्णालयातील व्यवस्थेवर व तेथील स्त्रियांच्या सुरक्षिततेकडे होणाऱ्या दुर्लक्षावर टीका केली. त्या पत्राचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचला आणि मुंबई सरकारने तो मजकूर चुकीचा व दिशाभूल करणारा ठरवला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, पत्र ख्रिस्ती साप्ताहिकात छापले गेले होते आणि लिहिणारी स्त्री मुख्यतः ख्रिस्ती देणगीदारांच्या मदतीवर संस्था चालवत होती. स्वधर्मीयांची बदनामी होईल, हा आजचा लाडका युक्तिवाद त्यांनाही उपलब्ध होता. त्यांनी तो वापरला नाही.

आपल्याच मंडळीला असा प्रश्न विचारणारे दुसरे नाव ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे. त्यांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले आणि परकीय मिशनवर विसंबलेल्या मंडळीला स्वावलंबनाचा मार्ग दाखवला. बाहेरच्या दबावापुढे उभे राहण्याचे उदाहरणही याच समाजात आहे: फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी धाकदपटशाला न जुमानता लोकांना संघटित केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विरोध होत असतानाही भूषवले.

असे धैर्य दाखवा म्हटले की उत्तर ठरलेले असते: समाज लहान आहे, दिवस वाईट आहेत, म्हणून शाळा व दवाखाने चालवावेत आणि बोलू नये. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळण्यात आले, हेही खरे आहे. भीती खोटी नाही. परंतु मंडळीतल्या अन्यायाविषयीचे मौन या भीतीतून येत नाही. तिथे समोर जमाव नसतो, ओळखीची माणसे असतात आणि पणाला लागते ती खुर्ची. क्षमेचे नाव घेऊनही हे मौन झाकता येणार नाही, कारण ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, तरी कायद्याने आपले काम करावे हेही म्हटले.

जातीचा प्रश्न या मौनाची खरी कसोटी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, आणि दलित ख्रिस्ती अजून त्याबाहेर आहेत. ही मागणी न्याय्य आहे आणि ती लढवलीच पाहिजे. मात्र न्यायालयात बाप्तिस्म्यानंतरही जात सुटत नाही असे सांगणारा समाज वेदीवरून ख्रिस्तात जात नाही असे सांगून चर्चा मिटवतो आणि घरी सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतो. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलितविषयक धोरणात चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. गोव्यातील साळसेत भागात काही ठिकाणी कोंफ्रारियांचे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांचे, मान जातीशी बांधलेले असल्याने झालेले तंटे तर जुनेच आहेत. न्यायालयात सांगितलेले सत्य रविवारी सांगता येत नसेल, तर मागणीही दुबळी होते आणि उपासनाही खोटी ठरते.

म्हणून जमलेल्या प्रतिनिधींना आवाहन आहे की, त्यांनी परत गेल्यावर आपल्या मंडळीच्या जमिनींचा व देणग्यांचा हिशेब वार्षिक सभेत सर्वांसमोर वाचून घ्यावा, ख्रिस्ती नियतकालिकांच्या संपादकांनी पाळकांवरील व विश्वस्तांवरील सप्रमाण टीका नावानिशी छापावी, आणि ज्यांच्या घरी लग्ने ठरत आहेत त्यांनी जातीचा प्रश्न विचारणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे.