ब्रेक जड का होतो?

बेळगावहून गोव्याकडे निघालेली मोटार जांबोटी व कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाटाच्या उताराला लागली, की काही चालकांना काटकसरीची बुद्धी सुचते. गाडी आपोआप खाली धावत आहे, मग पेट्रोल कशाला जाळावे, असे म्हणून ते इंजिन बंद करतात. पहिल्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा लागतो, दुसऱ्यावरही लागतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मात्र पायाखालचे पेडल एकाएकी दगडासारखे होते. ते नेहमीच्या जोराने दबत नाही आणि गाडी मंदावत नाही. ‘ब्रेक गेला’ असा चालकाचा समज होतो आणि घाबरून तो पाय उचलतो. वस्तुतः ब्रेक गेलेला नसतो. पायाला मिळणारी मदत तेवढी गेलेली असते.

ही मदत हवेची असते. पेडल व मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा एक चपटा, गोल डबा बसविलेला असतो. गॅरेजात त्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या आत एक रबरी पडदा असून पडद्याच्या दोन्ही अंगांची हवा इंजिन शोषून घेत असते. पेडल दाबले, की मागच्या अंगास बाहेरची हवा शिरते. पुढच्या अंगास पोकळी तशीच राहते, आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे लोटतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम. पडदा २५ सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि डब्यातील दोनतृतीयांश हवा काढलेली असेल, तर हिशेब ३०० किलोग्रॅमच्या वर जातो. इतका भार नुसत्या पायाने देणारा मनुष्य विरळाच. बेल्जियमचा अभियंता आल्बेर देवांद्र याने १९२७ साली या युक्तीला ब्रेकच्या कामी लावले. आपल्याकडील जुन्या अँबॅसेडर गाड्यांना हा डबा नव्हता. त्या हाकणाऱ्या चालकांना जड पेडलाचे नवल वाटत नसे.

इंजिन बंद पडले तरी डब्याच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप पोकळीचा साठा राखून ठेवते. हा साठा दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच असतो. चोर्ल्याच्या उतारावर तिसरे वळण घात करते ते यामुळे. अशा वेळी पेडल पुनःपुन्हा दाबू-सोडू नये, कारण प्रत्येक दाबणीत उरलेली पोकळीही खर्च होते. लागल्यास दोन्ही पायांनी, सारा जोर लावून ते एकदाच दाबून धरावे. गाडी थांबते, मात्र अंतर अधिक लागते. किल्ली उपसण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, नाही तर स्टिअरिंगला कुलूप बसेल.

आणि एवढे करून पेट्रोल तरी वाचते का? फ्युएल इंजेक्शनची मोटार खालच्या गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंजिनाला होणारा इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआपच थांबतो. शिवाय इंजिन गाडीला आवरून धरते आणि बूस्टरला त्याच वेळी भरपूर पोकळी मिळते. इंजिन बंद करणाऱ्याच्या पदरात यातले काहीच पडत नाही.

इंजिन चालू असूनही पेडल कडक राहत असेल, तर मात्र दोष शोधावा लागतो. याची परीक्षा घरच्या अंगणातही होते. सपाट जागी, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. साठा संपून ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले, तर बूस्टर ठीक आहे. जागचे हलले नाही, तर पोकळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही किंवा पडदा फाटला आहे. पेडल दाबून धरले असता पायाशी सतत ‘सूं’ असा आवाज येत राहिला, तर संशय पडद्याचाच घ्यावा.

पण नवा बूस्टर घेण्याआधी त्याची रबरी नळी पाहावी, कारण फार वेळा चोर तेथे सापडतो. ती चिरते, तेल लागून आतून फुगते, किंवा सांध्यावर सैल होते. इंजिन चालू असताना ती बूस्टरपासून सोडवून तोंडावर बोट धरले, तर जोराची ओढ जाणवली पाहिजे. तेथे पाण्याची साधी नळी बसविण्याची हौस काही मेस्त्र्यांना असते. ती ओढीने आतल्या आत चिमते आणि दोष होता तेथेच राहतो. एकमार्गी झडप काढून तोंडाने फुंकून पाहावी: हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. डिझेल इंजिनात बहुधा पुरेशी पोकळी निर्माण होत नाही, म्हणून तेथे वेगळा पंप असतो. तो थकला, तर नळी व बूस्टर निर्दोष असूनही पेडल जडच राहते.

ही सारी परीक्षा पार पडूनही गाडी थांबण्यास आळस करीत असेल, तर चाकांकडे वळावे. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला, किंवा पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला आढळतो. पेडल मऊ लागून खोल जात असेल, तर तो आजारच निराळा. तेथे तेलात हवा शिरलेली किंवा तेल गळत असते.

पडदा बदलण्याची वेळ आलीच, तर ते काम गॅरेजावर सोपवावे, कारण आतल्या दांड्याची लांबी थोडी जरी चुकली तरी ब्रेक लागलेलेच राहतात. मास्टर सिलिंडर सुटा केल्यावर मालकाने जवळ उभे राहून त्याची मागची बाजू मात्र पाहून घ्यावी. तेथे ओल दिसली, तर सील गळून ब्रेकचे तेल बूस्टरमध्ये उतरत होते असे समजावे. ते तेल पडद्याच्या रबराला खाते. तेव्हा मास्टर सिलिंडर तसाच ठेवून नुसता नवा बूस्टर बसविला, तर काही महिन्यांनी तोच डबा पुन्हा उतरवावा लागतो.