मालगुजार झालेलं चर्च

ज्या माणसानं आयुष्याची उमेदीची वर्षं वर्दीत काढली, त्यानं बंदुकीला हात न लावणाऱ्या पंथाबद्दल बोलावं याचं काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. हत्यार हाताळलेल्या माणसालाच ते नाकारणाऱ्यांबद्दल जास्त कुतूहल असतं. ही माणसं भित्री आहेत की आपल्यापेक्षा धीट, हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून पडलेला आहे.

आज मी एका खेड्यातल्या मंडळीबद्दल बोलणार आहे. गाव बालोदगहन, छत्तीसगडमध्ये धमतरीपासून काही मैलांवर. चर्च मेनोनाइट. रायपूर-भिलाईकडच्या मराठी श्रोत्यांना धमतरी ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो, हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि पुढे मध्य प्रांतात गेला. त्याची राजधानी नागपूरच. त्यामुळे तिथल्या कचेऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ असत. हा धागा शेवटी लागणार आहे, लक्षात ठेवा.

आधी मेनोनाइट कोण, ते थोडक्यात. १५२५ साली झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा खरा नाही. श्रद्धा ही समजत्या माणसानं स्वतः निवडायची गोष्ट आहे. एवढ्यासाठी त्यांना पाण्यात बुडवून मारलं, जाळलं. पुढे मेनो सायमन्स नावाचा नेदरलँड्समधला धर्मगुरू १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडून त्यांना मिळाला आणि त्याचं नाव पंथाला चिकटलं. हत्यार धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कोर्टात फिर्याद न्यायची नाही, सरकारच्या दंडशक्तीपासून लांब राहायचं, अशी त्यांची जुनी शिस्त. आपल्याकडे अहिंसा म्हटलं की महानुभाव, जैन आठवतात. युरोपात हे लोक होते. रशियात १८७४ साली सक्तीची भरती आली तेव्हा हजारो मेनोनाइट घरदार विकून अमेरिका-कॅनडात गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत त्यांची हजारो मुलं सैन्याऐवजी जंगलखात्यात आणि वेड्यांच्या इस्पितळांत राबली. म्हणजे जगभर या पंथाची परीक्षा एकाच जागी झाली, भरतीच्या टेबलासमोर.

हिंदुस्थानात ते टेबल नव्हतंच. आपल्याकडे कायद्यानं सक्तीची भरती कधी झाली नाही. पहिल्या महायुद्धात पंजाबात दंडेली झाली, ती गोष्ट वेगळी. मग इथल्या मेनोनाइटांची परीक्षा कुठे झाली? माझं म्हणणं असं की ती जमिनीवर झाली. बालोदगहनची हकीकत मला सांगावीशी वाटते ती त्यामुळे.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. जॉर्ज लँबर्ट नावाचा मेनोनाइट गृहस्थ तेव्हा मदत घेऊन इथे आला, परत जाऊन त्यानं अमेरिकेत भाषणं केली, पैसा आणि धान्य जमवलं. त्यातून मिशन काढायचं ठरलं. मार्च १८९९ मध्ये जेकब रेसलर आणि डॉक्टर विल्यम पेज व त्यांची पत्नी अॅलिस मुंबईला उतरले आणि त्या वर्षाच्या अखेरीस धमतरीत पोचले. पेज दांपत्य प्रकृतीमुळे लवकर परतलं. आणि पोचल्या पोचल्या समोर काय, तर दुसरा दुष्काळ, १८९९-१९००, ज्याला उत्तरेत छप्पनिया म्हणतात. धर्मोपदेश राहिला बाजूला. धान्य वाटणं, दुष्काळी कामावर मजूर लावणं आणि आईबाप मेलेली मुलं गोळा करणं, हेच काम. अशी शेकडो मुलं मिशनच्या अनाथालयांत आली.

मुलं वाढतात. पाच-सात वर्षांत त्यांची लग्नं करायची वेळ आली. त्यांना गाव नाही, जात नाही, जमीन नाही. छत्तीसगडच्या खेड्यात जमीन आणि जातभाई नसलेल्या माणसाला जगायला जागा कुठे? म्हणून १९०६ साली मिशननं बालोदगहन हे गाव विकत घेतलं, सुमारे आठशे एकर जमिनीसह. या जोडप्यांना तिथे वसवायचं, शेती करू द्यायची, अशी योजना. बालोदगहनची मंडळी उभी राहिली ती अशी, दुष्काळातून वाचलेल्या पोरांची.

आता 'गाव विकत घेणं' म्हणजे काय? भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मंडळींना समजलं असेल. तिकडे ज्यांना मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात गावोगावच्या मालगुजारांना मालकी हक्क दिले. मालगुजारानं रयतेकडून लगान वसूल करायचा, त्यातला ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा, उरलेला आपला. सीर म्हणजे घरची शेती त्याची, पडीक जमीन आणि तलाव त्याचे. गावाला मुकद्दम असायचा. चोरी, मारामारी, संशयास्पद मृत्यू यांची खबर पोलिसांना देण्याची जबाबदारी त्याच्यावर. लगान थकला तर इलाज म्हणजे कोर्टात दावा आणि शेवटी बेदखली.

म्हणजे बघा. कोर्टात जायचं नाही, सत्तेपासून दूर राहायचं, असं मानणारा पंथ एका सकाळी सरकारच्या वसुलीच्या साखळीतली कडी झाला. कोणी फसवलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. हेतू चांगलाच होता. पण ज्या हातानं प्रभुभोजनाची भाकर मिळायची, त्याच हाताला लगान द्यायचा. आणि गावात जुनी हिंदू कुळंही होतीच, ज्यांनी हा मालक मागितला नव्हता. आम्ही फौजेत एक गोष्ट लवकर शिकतो: ज्याच्या हातात शिधा, त्याचाच हुकूम. तोंडानं तो किती गोड बोलतो याला फार अर्थ नसतो.

यातून जास्त अवघड प्रश्न येतो, तो धर्मांतराचा. आपल्याकडे या विषयावर दोन्ही बाजूंनी गळा काढला जातो, म्हणून सरळ बोलतो. मिशननं उचललं नसतं तर यांतली बरीच मुलं मेली असती. हे मान्य न करणारा माणूस दुष्काळ काय असतो हे जाणत नाही. पण मेनोनाइटांचा स्वतःचा दंडक काय होता? श्रद्धा समजत्या वयात, मोकळ्या मनानं निवडलेली हवी. त्यासाठी त्यांचे पूर्वज बुडून मेले. या मुलांचा बाप्तिस्मा झाला तो जाणत्या वयात, नियमाप्रमाणे. मात्र जेवण, छप्पर, शाळा, लग्न, पुढे जमीन, सगळं एकाच दारातून येत असताना त्या निवडीत मोकळेपणा किती होता? १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती नियोगींची समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालातले सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, काही फारच सरसकट आहेत. तरी उपकार आणि श्रद्धा यांची गाठ तपासायला हवी, हा मुद्दा मेनोनाइट कसोटीवरही उभा राहतो. बाहेरच्या टीकेपेक्षा स्वतःच्या तत्त्वाची टीका जास्त बोचते.

दुसरी बाजूही सांगतो. या शाखेत प्रभुभोजनाबरोबर एकमेकांचे पाय धुण्याचा विधी आहे. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. जिथे कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यावं याचे नियम होते, तिथे कोणाच्या पायाशी कोण बसतो ही गोष्ट साधी नाही. आणि विधीच्या नियमानं मालगुजार मिशनचा गोरा माणूसही त्यातून सुटत नाही. वसुलीच्या दिवशी एक नातं, प्रभुभोजनाच्या दिवशी उलटं. बायकांनी प्रार्थनेत डोकं झाकावं हा त्यांचा अमेरिकेतला नियम तर इथे आपोआपच पाळला गेला, पदर होताच.

याच धमतरी तहसिलीत १९२० साली एक प्रकार घडला. कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर सरकारनं कालव्याच्या पाण्याची चोरी केली म्हणून दंड बसवला. लोकांनी भरला नाही. सरकारनं जनावरं जप्त करून बाजारोबाजार लिलावाला नेली, बोली लावायला कोणी पुढे येईना. चाऱ्यापाण्याचा खर्च मात्र सरकारच्या माथी. नेते होते पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि आपले नारायणराव मेघावाले. गांधीजी त्या डिसेंबरात धमतरीला आले. शेवटी दंड रद्द झाला. एकही दगड न मारता सरकारला नमवलं. चारशे वर्षं अहिंसा सांगणारा पंथ तिथून काही मैलांवर होता, पण मालगुजार म्हणून, सरकारात महसूल भरणारा. परदेशी मिशनांनी राजकारणात पडू नये ही सरकारची अटच होती, हे खरं. पण अहिंसेचा तो धडा त्या तहसिलीत चर्चनं दिला नाही, कंडेलच्या कुळांनी दिला.

१९५१ मध्ये मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. रयत सरळ सरकारची खातेदार झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनची संस्था भारतीय मेनोनाइट चर्चमध्ये विलीन झाली. १९५५ मध्ये पी. जे. मलगर हे पहिले भारतीय बिशप झाले. या दोन तारखा लागोपाठ आल्या याला मी फार महत्त्व देतो. जमीनदारी कायद्यानं काढून घेतली तेव्हा चर्चच्या गळ्यातलं लोढणं सुटलं, असं माझं मत आहे. तिथल्या काही जुन्या लोकांना मालक गेल्याचं दुःख झालं असेल. आधार जाताना होतंच.

त्यानंतर मंडळी लहान राहिली. १९५९ मध्ये भिलाईचा पोलाद कारखाना सुरू झाला, धमतरीच्या मिशन इस्पितळात शिकलेल्या नर्सेस दूरदूर गेल्या, शिकलेली पोरं खेड्यात कशाला राहतील? सगळ्या खेड्यांची गोष्ट. धर्माचा त्यात काही वेगळा दोष नाही.

आता तो शेवटचा धागा. बालोदगहनचा जो इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः मिशनऱ्यांच्या पत्रांवरून; रेसलर वगैरेंची पत्रं अमेरिकेतल्या त्यांच्या पत्रिकांत छापून येत. त्यात रयत बोलत नाही. रयत बोलते ती महसूल दप्तरात: जमाबंदी, लगानाचे दावे, गावच्या रीती नोंदवलेला वाजिब-उल-अर्ज. जुन्या मध्य प्रांतात तहसिलीत कारकुनी केलेल्या मराठी घरांत असे कागद, नकला, डायऱ्या अजून पेट्यांत पडून असतात. तुमच्या आजोबा-पणजोबांची नोकरी रायपूर, धमतरी, दुर्गकडे झाली असेल, तर त्या पेट्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडा. बालोदगहन हे नाव दिसलं तर या व्हिडिओखाली लिहा.